क्रेमाचं आवर्तन

'कॉल मी बाय युअर नेम' हा चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर एवढंच लिहून येतं: उन्हाळा 1983, उत्तर इटलीत कुठेतरी. त्यापलीकडे पत्ता नाही. पुढचे दोन तास आपल्याला वाटत राहतं की हे सगळं एकाच गावाच्या पंचक्रोशीत चाललंय. घर, चौक, डोह, तळं, स्टेशन, सगळं सायकलच्या टप्प्यात. प्रत्यक्षात नकाशा उघडला की तो उन्हाळा फुटून विखुरलेला सापडतो. घर मोस्कात्सानो नावाच्या खेड्यात. चौक क्रेमाचा. ज्या स्मारकाभोवती सतरा वर्षांचा एलिओ घरी आलेल्या पाहुण्यापुढे, ऑलिव्हरपुढे, आपलं मन उघडं करतो, ते पांदीनोला. निरोपाचं स्टेशन पित्सिगेत्तोनेचं. एलिओचा प्राध्यापक बाप पाण्यातून वर काढलेला पुतळा बघायला जातो ते गार्डा सरोवर बरंच पूर्वेला, आणि दोघं ओरडत धावतात तो धबधबा तर थेट आल्प्सच्या कुशीत.

मूळ कादंबरी आंद्रे आसिमान यांची, 2007 सालची, आणि ती समुद्रकाठी घडते. दिग्दर्शक लुका ग्वादान्यीनो राहायचा क्रेमात. दूर कुठे किनाऱ्यावर तळ ठोकण्याऐवजी त्यानं गोष्टच आपल्या दारात आणली आणि समुद्र काढून टाकला. समुद्राच्या जागी मग काय आलं? नद्या, पाट, झरे, हौद. चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते वर्ष 2018. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाखालून दोन सज्ञान माणसांचं प्रेम सोडवलं, आणि आमच्या गटात जो तो हा चित्रपट एकमेकांना पाठवत होता. सतराचा मुलगा आणि चोविशीतला पाहुणा, या वयांच्या अंतरावर तेव्हाही वाद झाला होता आणि तो वाद मला गैर वाटत नाही. पण माझ्या मनात राहिला तो सोफ्यावर बसून मुलाशी बोलणारा बाप, आणि त्यानंतर पाणी. घरामागच्या दगडी हौदातलं, पाय टाकून बसायचं पाणी.

यात माझ्या गावाचा दोष असावा. मी संगमनेरची. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. आमच्या घरात ऋतू तीन नव्हते, आवर्तनं होती, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या. पाणी सुटलं, पाणी बंद झालं, पाणी टेलला, पाटाच्या शेवटच्या टोकाला, पोचलं नाही म्हणून रात्री कोणीतरी दारात येऊन भांडून गेलं. त्यामुळे कुठेही वाहतं पाणी दिसलं की मी आधी बघते, पाणी अडवायचं दार कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे.

2019च्या जूनमध्ये भाच्याकडे मिलानला गेले. ईशान तिथे वाहतूक नियोजन शिकत होता. मावशी इटलीत आली म्हणजे व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, अशी यादी त्यानं तयार ठेवलेली. मी म्हटलं, क्रेमा. त्याला वाटलं मला आइस्क्रीम हवंय.

मिलानहून त्रेविल्योला गाडी बदलायची. तिथून एक लहान गाडी निघते आणि सपाट, विलक्षण सपाट मुलखातून दक्षिणेला जाते. हे पो नदीचं खोरं. खिडकीतून टस्कनीच्या टेकड्या आणि सायप्रसची झाडं दिसण्याची वाट बघणाऱ्यांनी नाद सोडावा. इथे मका. मग परत मका. मधूनच पॉप्लरच्या रांगा, गाईंचे लांबलचक गोठे, चाऱ्याचे गोल भारे, आणि प्रत्येक शेताच्या बांधाला लागून पाणी. ईशान मोबाईलमध्ये होता. मी काचेला नाक लावून दारं मोजायला लागले आणि थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं.

क्रेमाचा चौक चित्रपटात आहे तसाच आहे, फक्त जास्त गरम. विटांचं कॅथेड्रल, 13व्या-14व्या शतकातलं. समोर तोरात्सोची कमान, तिच्यावर पंख असलेला सिंह. हा सिंह व्हेनिसचा. 1449 ते 1797, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षं हे गाव व्हेनिसकडे होतं, आजूबाजूचा मुलूख मिलानकडे असताना. कमानीजवळच्या कॅफेत एलिओ आणि ऑलिव्हर बसतात. तिथे आमच्या आधी दोन कोरियन मुली, एक अमेरिकन जोडपं आणि एकटाच आलेला एक मध्यमवयीन गृहस्थ होता, जो टेबलाचा फोटो काढून निघून गेला, बसलासुद्धा नाही. चौकातल्या पर्यटन कचेरीत चित्रपटाच्या जागांचा नकाशा मिळतो. तिथल्या बाईंनी आम्ही तोंड उघडण्याआधीच तो पुढे सरकवला. माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटेकडे बघून त्यांना जरा आश्चर्य वाटलं असावं, असा माझा समज. ईशान म्हणाला, "मावशी, त्यांनी बघितलंसुद्धा नाही तुझ्याकडे."

दुपारी 'तोर्तेल्ली क्रेमास्की' खाल्ले. वाटलं होतं नेहमीचा चीज भरलेला पास्ता. दाताखाली आले बदामी बिस्किटांचा चुरा, बेदाणे, साखरेत पाकवलेली लिंबासारख्या फळाची साल आणि मसाल्याचा वास. वरून लोणी, सेजची पानं आणि भरपूर किसलेलं चीज. करंजीचं सारण चुकून आमटीच्या ताटात आल्यासारखं. ईशाननं दोन खाऊन ताट माझ्याकडे ढकललं. मी सगळे संपवले. जेवणात गोड आधी की नंतर हा हट्ट आपल्याकडे तरी कुठे आहे?

मोस्कात्सानो तिथून दक्षिणेला, सायकलनं सावकाश गेलं तरी तासाभरात होतं. त्या आठवड्यात सगळ्या युरोपात उष्णतेची लाट होती. भर उन्हात भाड्याच्या सायकली दामटत आम्ही निघालो आणि पहिल्याच वळणानंतर डांबरी रस्त्याच्या कडेनं पाट सुरू झाला. तिथे या पाटाला 'रोज्जा' म्हणतात. काठोकाठ भरून चाललेला, गढूळ हिरवट, आवाज न करता. पुढे एक दार लागलं आणि मी उतरले.

लोखंडी पत्र्याचं सरकतं दार, दोन बाजूंना दगडी खाचा. वर आडवा गर्डर, त्यातून उभा आटे पाडलेला दांडा, दांड्यावर चक्र. आट्यांना काळं ग्रीस ताजं होतं. त्यात दोन डास चिकटलेले. चक्राला साखळी आणि कुलूप. कुलपाच्या तोंडावर पाऊस जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवलेला. हे शेवटचं बघून मी मोठ्यानं हसले. आमचे वडील अगदी हेच करायचे. दाराच्या खालच्या फटीतून पाण्याची एक पातळ पट्टी सुटत होती आणि पलीकडच्या मोकळ्या चारीत तिचा ओला पट्टा झाला होता. म्हणजे या शेताची पाळी अजून यायची होती. लोंबार्दीत, म्हणजे या प्रांतात, पाणी शतकानुशतकं असंच तासांच्या पाळ्यांनी वाटलं जातं. तुमचा तास मध्यरात्रीचा असेल तर मध्यरात्री उठायचं. फार मागे जायलाही नको. अद्दा नदीचं पाणी या भागात आणणारा वाक्केल्ली कालवा 19व्या शतकाच्या अखेरीचा आहे, म्हणजे आमच्या भंडारदरा धरणापेक्षा जरा वडीलधारा.

"मावशी, सिनेमातलं घर बघायचंय ना?" ईशान सावली शोधत म्हणाला.

घर बंद होतं. विल्ला आल्बेर्गोनी ही 17व्या शतकातली खाजगी हवेली. उंच भिंत, भरभक्कम फाटक, आत झाडांचे शेंडे. चित्रपट गाजल्यावर ती विक्रीला निघाल्याची बातमी जगभर छापून आली होती. ग्वादान्यीनोला स्वतःलाच ती आधी घ्यायची होती, परवडली नाही. फाटकाच्या सळ्यांना कोणीतरी दोन सुकलेले पीच, चित्रपटात ज्याचा प्रसंग गाजला ते फळ, दोऱ्यानं बांधून ठेवले होते आणि त्यांवर मुंग्या लागल्या होत्या. चाहत्यांचं हे मला कधी कळत नाही, पण मुंग्यांची सोय झाली.

आणि गंमत अशी की आत ती पीचची बाग मुळात नव्हतीच. जर्दाळूंनी लगडलेली झाडं, ज्यांच्याखाली ते सगळे जेवतात, ती बाग चित्रपटासाठी रचली गेली. घरामागचा तो हौद, ज्याच्यासाठी मी खरंतर इथवर आले, तोही चित्रीकरणासाठीच घडवला, या भागातल्या गुरांना पाणी पाजायच्या दगडी हौदांवरून. उन्हाळासुद्धा तसाच. चित्रीकरण झालं 2016च्या मे-जूनमध्ये, आणि त्या दिवसांत तिथे पाऊस हटायला तयार नव्हता. थायलंडचे छायालेखक सयोम्भू मुकदीप्रोम यांनी सगळा चित्रपट फिल्मवर, एकाच 35 मिलिमीटरच्या लेन्सनं टिपला, आणि जे ऊन आपल्या अंगावर येतं त्यातलं कितीतरी ऊन दिव्यांचं आहे. बाहेर छत्र्या, आत भर दुपार.

यावर ईशान म्हणाला, "म्हणजे सगळं खोटंच." मला हे पटलं नाही, आणि का पटलं नाही ते त्याला तिथे उन्हात सांगता आलं नाही.

जरा वाट सोडून सांगते. या चित्रपटाची पटकथा जेम्स आयव्हरी यांची. त्यासाठी 2018 साली त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा ते 89 वर्षांचे होते. आयव्हरी म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या लोकांना लगेच पुढचं नाव सुचतं: इस्माइल मर्चंट. मुंबईत जन्मलेले, झेवियर्समध्ये शिकलेले. दोघांनी 1961मध्ये कंपनी काढली, सुरुवातीचे चित्रपट भारतात केले, मग इंग्लंड, इटली, अमेरिका. कामातली आणि घरातली ही जोडी चाळीसहून अधिक वर्षं टिकली, 2005 साली मर्चंट गेले तोपर्यंत. पुरस्कार घेताना आयव्हरींनी त्यांचं नाव घेतलं. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही तरल गोष्ट ज्यानं पडद्यासाठी लिहिली, त्याचं स्वतःचं आयुष्य एका मुंबईकरासोबत गेलं, हे मला त्या फाटकासमोर उभं असताना पीचपेक्षा जास्त खरं वाटलं.

पांदीनो दुसऱ्या दिवशी. चौकात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे, भोवती कुंपण. चित्रपटात हा सबंध प्रसंग एका सलग दृश्यात आहे. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी निघतात, मधे सैनिक, आणि पलीकडे पुन्हा भेटेपर्यंत एक मोठी गोष्ट बोलून झालेली असते. तीसुद्धा सरळ शब्दांत नाहीच. संवादात पिआवे नदीवरच्या लढाईचा उल्लेख येतो. इथेही नदी.

मी स्मारकाला फेरी मारली. सगळेच मारतात. पण माझ्या डोक्यात दुसरीच नदी होती. आमच्या तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी, म्हणजे पांदीनोहून दूर, पो नदीच्या पलीकडे, त्यांनी मशीनगनच्या माऱ्यात एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून उचलून पलीकडे नेलं, परत येऊन दुसऱ्यालाही नेलं, आणि मग एकट्यानं शत्रूचे मशीनगनचे अड्डे उद्ध्वस्त करून बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही हकिगत मी शाळेत असल्यापासून ऐकलेली, पण तो बांध कसा असेल हे कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. आता आलं. या मुलखात नदी जमिनीच्या खालून नाही, दोन उंच मातीच्या बांधांच्या मधून वाहते. काठावर उभं राहिलं की कुठूनही दिसतं. लपायला काही नाही. ईशाननं हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं मोबाईलवर सेनिओ शोधली आणि बराच वेळ नकाशा लहान-मोठा करत राहिला.

पांदीनोत चीज बनवायला शिकवणारी शाळा आहे. तिच्या बाजूच्या रस्त्यानं परत येताना एका गोठ्यापाशी निळी पगडी बांधलेले गृहस्थ भेटले, सायकलला दुधाची बरणी लावलेली. आम्हाला बघून त्यांनीच ब्रेक दाबला. मूळचे होशियारपूरचे. क्रेमोना जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये पंजाबी माणसं कित्येक वर्षांपासून आहेत, जिल्ह्यातच पेस्सीना क्रेमोनेसेला 2011 साली मोठा गुरुद्वाराही झाला. ते पहाटे तीनला पहिली धार काढतात, मग झोप, मग दुपारी दुसरी. चित्रपटाचं नाव सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "लोक येतात खरे, त्या पुतळ्याला चक्कर मारून जातात. आम्हाला वाटलं काही नवस असेल." इटलीचं ते जगप्रसिद्ध चीज ज्या दुधाचं होतं, त्यातलं पुष्कळ दूध असल्या हातांनी निघतं. चित्रपटातल्या 1983च्या उन्हाळ्यात ही माणसं नाहीत, आणि तेव्हा ती तिथे फारशी नव्हतीही. आज कोणी तिथे गोष्ट रचली आणि त्यांना वगळलं, तर मात्र ते डोळ्यांत येईल.

फारिनातेच्या झऱ्याबद्दल थोडक्यात. एलिओ ऑलिव्हरला आपली गुपित जागा म्हणून तिथे नेतो आणि सांगतो की हे पाणी थेट डोंगरातून येतं. डोंगर त्या दिवशी तिथून दिसतसुद्धा नव्हता. पण मुलगा चुकलेला नाही. आल्प्सच्या पायथ्याच्या वाळूगोट्यांत मुरलेलं पाणी जमिनीखालून दक्षिणेला सरकतं आणि जिथे माती चिकट होते तिथे वर फुटतं. अशा झऱ्यांची एक लांब रांगच लोंबार्दीतून जाते. माणसांनी ते खणून, लाकडी पिंप रोवून मोकळे केले आणि त्यांचं पाणी शेताकडे वळवलं. ते वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं, म्हणून पूर्वी हिवाळ्यात गवताच्या कुरणांवर पसरायचे, गोठू नये म्हणून. बाहेर घामाच्या धारा आणि पोटऱ्यांपर्यंत असा गारठा की मी आरडाओरडा केला. ईशाननं तेवढाच एक व्हिडिओ घरी पाठवला.

राहता राहिला धबधबा. तिथे जायला बेर्गामोहून बस, सेरिओ नदीच्या कडेकडेनं वर. वाटेत क्लूसोने लागलं तेव्हा मी ईशानला सांगितलं की चित्रपटात निरोपाच्या स्टेशनचं नाव हेच आहे, चित्रीकरण मात्र पित्सिगेत्तोनेला झालंय. वाहतूकवाला अखेर जागा झाला. पाच मिनिटांत त्यानं शोधून काढलं की क्लूसोनेची रेल्वे 1967 सालीच बंद झाली. "1983मध्ये तो कुठल्या गाडीत बसला मग?" पुढचा अर्धा तास त्याला याच गोष्टीचा आनंद होता.

सेरिओचा धबधबा तीन टप्प्यांत 315 मीटर कोसळतो. इटलीतल्या सगळ्यात उंच धबधब्यांपैकी एक. पण एरवी गेलात तर कोरडा कडा. कारण वर बार्बेल्लीनोचं धरण आहे, 1931 साली पुरं झालेलं, आणि सगळं पाणी बोगद्यांतून वीजघराकडे जातं. वर्षातून पाच वेळा, ठरलेल्या तारखेला, अर्धा तास वीज कंपनी पाणी सोडते आणि धबधबा 'होतो'. आम्ही त्या उन्हाळ्यातली पहिली तारीख गाठली होती. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाखालचा अंब्रेला धबधबा ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही. तेही धरण 1926चं, त्याच पिढीचं, आणि तोही धबधबा दार उघडलं तरच.

वालबोंदिओने गावाहून दीडेक तासाची चढण. वाटेवर जत्रा. म्हातारे काठ्या घेऊन, तान्ही बाळं पाठीवर, कुत्री, सँडविचच्या पिशव्या. समोरच्या उतारावर हजारभर माणसं गवतात बसलेली आणि सगळ्यांची तोंडं एका रिकाम्या कड्याकडे. आमच्या शेजारी एक आजी नातवाला बोटानं दाखवत होत्या, पाणी कुठून येईल ते. त्यांना तारीख, वेळ, कंपनी, धरण, सगळं पाठ होतं.

मग वर, अगदी कडेला, पांढरा ठिपका. आधी तो हललाच नाही. मग लांब झाला, पहिल्या टप्प्यावर आपटला, फुटला, दुसऱ्याकडे निघाला. आवाज नंतर पोचला, पाणी निम्म्यावर आल्यावर. आणि ते तळाला टेकलं तेव्हा सगळा उतार टाळ्या वाजवायला लागला. म्हणजे नाटकात पडदा वर गेल्यावर वाजवतात तशा नाही, खरोखरच्या, उभं राहून. ज्या आजींना किल्ली कोणाकडे आहे हे माहीत होतं, त्या सगळ्यात जोरात वाजवत होत्या.

"खोटं वाटतंय का?" मी ईशानच्या कानात ओरडले. तो ओला झाला होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

अर्ध्या तासानं पाणी बारीक होत गेलं आणि लोक लगबगीनं सामान आवरायला लागले, कारण खाली गाड्यांची रांग लागणार होती. वाटेवर पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक उभा होता. ईशानकरवी मी त्याला विचारलं, आत्ता सुटलेलं हे पाणी क्रेमाच्या पुलाखालून किती वाजता जाईल? तो आधी हसला. मग खरंच विचार करायला लागला, शेजारच्या दुसऱ्या स्वयंसेवकाला हाक मारली, आणि दोघांत वाद सुरू झाला. एक म्हणत होता उद्या सकाळी. दुसऱ्याचं म्हणणं, क्रेमाला कशाला पोचतंय, खाली सपाटीवर उतरलं की पाटवाले उचलतील, आत्ता मक्याला पाणी हवंय. दोघांचा आवाज चढला. आम्ही आभार मानून निघालो तरी ते थांबले नव्हते.

बसमध्ये ईशाननं विचारलं, सिनेमा कशावर बघायला मिळेल. मी म्हटलं, आधी झोप काढ.